पंप मागच्याकडे

आमच्या घरात रस्त्याची लांबी भाकरीत मोजत आणि चढ मिरचीत. हे सांगितलं की लोक हसतात, पण मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. बाबा एका कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ, दुधी रंगाचा कागद पसरून ते दिवसभर शाईनं रेघा गिरवायचे. त्या कागदाच्या कडा कापून टाकून देत. ते पट्टे बाबा साहेबांना विचारून घरी आणायचे. न विचारता त्यांनी टाचणीसुद्धा आणली नसती. त्या लांबट पट्ट्यांवर ते आमच्या रविवारच्या सायकलींचे रस्ते काढत. खाली मुलुंड, आणि तिथून वर वर जाणारी एक रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना विहीर, वडाचं झाड, चहावाला, आणि एके ठिकाणी बारीक अक्षरात, 'कुत्रा चावरा आहे'. किलोमीटर मात्र कुठेच लिहिलेले नसत. आकडा लिहिला की माणूस आजूबाजूला बघायचं सोडून मैलाचे दगड मोजत बसतो, असं बाबांचं म्हणणं. त्याऐवजी वरच्या कोपऱ्यात चित्रं असत: शेंगदाणे, भाकऱ्या, आणि चढ असेल तर मिरच्या.

दारापासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर असे चार पट्टे चिकटवलेले होते. पहिला शेंगदाण्यांचा. मुलुंडहून पूर्वेला, मिठागरांच्या कडेनं जाणारा. सपाट रस्ता, दोन्हीकडे चौकोनी वाफ्यांत चमकणारं पाणी, मिठाचे पांढरे ढीग आणि खाडीचा तो वास, जो पहिल्यांदा नाकाला झोंबतो आणि नंतर नसला की चुकल्यासारखं होतं. सायकल शिकलेलं कुठलंही पोर तिथे जाऊ शकत होतं, म्हणून सोबतीला मूठभर दाणे पुरत. दुसरा एका भाकरीचा आणि एका मिरचीचा: पवईच्या तलावावरून आरे कॉलनीतून गोरेगावपर्यंत. तिथे रस्ता सारखा खाली-वर होतो, गवताची कुरणं लागतात, आणि म्हशींच्या गोठ्यांपाशी सकाळी असा धुरकट गारवा असे की मुंबईत आहोत हे विसरायला व्हायचं. तिसरा येऊरचा. भाकरी एकच, पण मिरच्या तीन. ठाण्याच्या पुढे डोंगर चढून जंगलात. आई हे चित्र शब्दशः घेत असे. येऊरच्या दिवशी डब्यात खरोखरच तीन तळलेल्या मिरच्या निघायच्या, आणि कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "तुझ्या बापाशीनच लिवलानी हा, माका काय इचारतंस?" चौथा पट्टा सगळ्यात लांब, छतापर्यंत गेलेला. वज्रेश्वरी. कशेळीचा पूल, भिवंडी, अंबाडी, मग भातखाचरं आणि शेवटी गरम पाण्याची कुंडं. तीन भाकऱ्या, मिरची अर्धीच. त्या पट्ट्याचा वरचा भाग वाचायला मला स्टूल लागायचं.

शनिवारी संध्याकाळी बाबा कचेरीतून आले की आई स्टोव्ह पेटवता पेटवता विचारायची, "उद्या काय व्हया? दाणे काय भाकरी?" त्या उत्तरावर आम्हा मुलांचा अख्खा रविवार ठरायचा. दाणे म्हटले की लोखंडी तव्यावरची तडतड सुरू होई आणि दादा उशीत तोंड खुपसून "परत मिठागर!" म्हणून विव्हळे. भाकरी म्हटली की पहाटे काळोखातच तांदळाच्या पिठावर पडणाऱ्या आईच्या हाताचा आवाज यायचा, थप थप थप, मध्येच बांगड्या. तो आवाज मोजून आम्ही अंथरुणातच ओळखायचो किती भाकऱ्या झाल्या ते. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. ती आमच्यापेक्षा जास्त आवडायची वरच्या मजल्यावरच्या जोश्यांच्या पक्याला. तो दादाच्याच वर्गातला, आमच्याबरोबर दर रविवारी यायचा. डबा उघडला की आधी आजूबाजूला बघायचा आणि मग म्हणायचा, "काकूंना सांगा झकास झालीय. पण आमच्या घरी नका सांगू हां." डोंगरावर त्याच्या घरचं कोण येणार होतं, देव जाणे.

आम्ही चौघं निघायचो: बाबा, दादा, पक्या आणि मी. बाबांची काळी, मालगाडीसारखी जड सायकल. दादाची आणि पक्याची जुन्या बाजारातली. माझी लेडीज सायकल चेंबूरच्या मावशीकडून आलेली, हिरवी, चेनवरचं झाकण खडखडणारी. त्याआधी मी बाबांचीच सायकल दांड्याखालून पाय घालून, वाकडी होऊन चालवायला शिकले होते. त्या वाकडेपणानं माझा डावा खांदा अजून थोडा खाली आहे, असं दादा म्हणतो. खोटं आहे ते.

बाबांच्या रविवारचे नियम थोडे होते, पण ते मोडलेले मी कधी पाहिले नव्हते. एक, सगळ्यांनी एका ओळीत जायचं. दोन, पुढच्यानं जो वेग धरला तोच सगळ्यांचा. त्याला ओलांडायचं नाही. तीन, मागून "हळू, हळू" असं ओरडायचं नाही. कुणाला झेपत नसेल तर त्यानं घंटी दोनदा वाजवायची, की सगळे थांबणार, आणि का वाजवली हे कुणी विचारायचं नाही. चार, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान सगळ्यात मागच्याकडे. मागे नेहमी बाबा. पुढे नेहमी मी.

पुढे नेहमी मी, याचा मला कोण अभिमान होता! आठ-दहा वर्षांची असल्यापासून मी ओळीच्या टोकाला. माझ्यापुढे मोकळा रस्ता, आणि मागे तीन पुरुषमाणसं माझ्या पावलावर पाऊल टाकत येताहेत. शाळेत 'माझा रविवार' या निबंधात मी लिहिलं होतं, की आमच्या पथकाचं नेतृत्व मी करते. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. तो मी घरी आणून जेवताना पुन्हा मोठ्यानं वाचला. तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन, म्हणजे तसं कळायला हरकत नव्हती. दादाला हसू आवरेना. आमटी नाकात गेली.

"अगं येडे," तो ठसकत म्हणाला, "तू सगळ्यात स्लो आहेस म्हणून तुला पुढे ठेवतात! जो सगळ्यात हळू तो पुढे. नाहीतर तू कधीच मागे राहून हरवली असतीस."

मी बाबांकडे पाहिलं. ते खोटं बोलू शकत नसत, ही त्यांची मोठीच अडचण होती. "पुढच्याला रस्ता दिसतो," ते माशाचा काटा बाजूला काढत म्हणाले, "आणि मागच्याला माणसं दिसतात. दोन्ही कामं चांगलीच आहेत, बाय."

पण मला ते पटलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी भात अर्धा टाकून उठले. सात वर्षं मी ज्याला मान समजत होते तो निघाला दिलासा. वर्गातल्या सगळ्या मुलींना मी ते ऐकवून आले होते. त्या रात्री मी मनाशी ठरवलं, की पंप मिळवायचा. माझ्या सायकलच्या दांड्याला पंप आणि माझ्या पुढे बाकी सगळे, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं.

आता हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी फार गंभीर होते. आमच्या घराखालीच पिठाची गिरणी होती. मी दळण तिथे टाकायचं बंद केलं आणि मुलुंड कॉलनीच्या चढावरच्या गिरणीत न्यायला लागले, कॅरिअरला डबा बांधून. एक चढ झाला की उतरून परत तोच चढ. आई म्हणायची, "ह्या पीठ जाता येता खंय रवता गो? काशीक जाता काय?" मी सांगायचे, तिथे बारीक दळून देतात. आईनं दोन-तीनदा पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि परत डब्यात टाकलं. तीन-चार महिन्यांत माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. येऊरच्या चढावर पूर्वी मी दोनदा उतरायचे, ती एकदाही न उतरता वर गेले. पक्या म्हणाला, "आयला, ही तर सुटलीच!" दादा वाकून आपली चेन तपासत बसला, म्हणजे त्याला दिसलं होतं.

मी बाबांना विचारलं, "आता पंप मला कधी?"

"वज्रेश्वरी करून ये," ते म्हणाले. "मग बघू."

ती थंडीतली सकाळ होती. तीन भाकऱ्यांची थपथप मी अंथरुणातून मोजली, प्रत्येकी तीन, म्हणजे बारा. ठाणं मागे पडेपर्यंत उजाडलं नव्हतं. कशेळीच्या पुलावर खाडीचं पाणी नुकतं राखाडी दिसायला लागलं होतं, आणि पूल उतरल्या उतरल्या मी पाय मारायला सुरुवात केली. पुढच्याचा वेग तो सगळ्यांचा, हा नियम होता, आणि पुढे मी होते. भिवंडीतून यंत्रमागांची खटखट ऐकत आम्ही सुसाट बाहेर पडलो. पुढे कापलेली भातखाचरं, गवताच्या गंज्या, कडेला ताडाची झाडं, बैलगाड्या. मी यातलं काहीच नीट पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष मागून घंटी येते का याकडे होतं. कुणीतरी दोनदा घंटी वाजवावी, दादानं वाजवली तर उत्तम, म्हणजे मी सगळ्यात हळू नाही हे सिद्ध होईल. पण घंटी आली नाही. "काय पळवतेयस यार!" असं पक्या ओरडला, तेही खुशीत. अंबाडीच्या नाक्यावर बाबा चहाला थांबायचे. ते माहीत असून मी तिथेही थांबले नाही. पुढची मीच होते ना.

कुंडांवर आम्ही नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचलो. दादा आणि पक्या पाण्यात उतरले, ओरडले, पुन्हा उतरले. बाबा काठावर बसून नुसते पाय सोडून होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग पिठासारखा झाला होता. त्यांनी भाकरी अर्धी खाल्ली आणि उरलेल्या पक्याच्या डब्यात सरकवल्या. हे मी पाहिलं. मी पाहिलं नाही असं म्हणणं सोपं होतं, इतकी वर्षं म्हणतही आले, पण या वयात तरी खरं लिहावं. मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, गरम पाण्यानं होत असेल तसं. मला पंप हवा होता आणि अजून परतीचा अख्खा रस्ता बाकी होता.

परतताना वारा फिरला. सकाळी तो कुठे आहे हे कळतसुद्धा नाही, पण दुपारी समुद्राकडून यायला लागला की अंगावर तिरका येतो आणि सपाट रस्त्याचा चढ करतो. बाबांच्या पट्ट्यांवर वारा कुठेच नव्हता. मी मान खाली घातली आणि तोच वेग धरला. डोळ्यांत धूळ, चेनच्या झाकणाची खडखड, आणि दोन्हीकडे रिकाम्या खाचरांतली सोनेरी खुंटं. अंबाडी मागे टाकून बरंच अंतर आलं असेल, तेव्हा मागून घंटी वाजली. दोनदा.

मला आनंद झाला. हेही खरंच लिहिते. दादा हरला, असं वाटून मी ब्रेक लावला आणि हसत मागे वळले. दादा थांबला होता, पक्या थांबला होता, आणि ते दोघं मागे बघत होते. बरंच मागे बाबा एक पाय जमिनीवर टेकून, दोन्ही हातांनी हँडल धरून उभे होते.

आम्ही सायकली वळवून त्यांच्यापाशी गेलो. "पंक्चर?" पक्यानं विचारलं, आणि दादानं त्याला कोपर मारलं, कारण घंटी का वाजवली हे विचारायचं नसतं. बाबांनी हातानंच, थांबा, अशी खूण केली. शर्ट पाठीला चिकटला होता. श्वास खाली बसायला वेळ लागला. मग त्यांनी वाकून आपल्या सायकलच्या दांड्यावरचा पंप सोडवला, रुमालानं पुसला, आणि माझ्यापुढे धरला.

"हा घे," ते म्हणाले. "आज मी पुढे जातो."

मला तो पंप घ्यायचा नव्हता. आयुष्यात इतकी नको वाटलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही. दादा रस्त्याकडे बघत होता. मी हात पुढे केला, कारण बाबांना पंप पुढे धरून तसंच उभं ठेवणं जास्त वाईट होतं.

मग बाबा पुढे, मागे पक्या, दादा, आणि शेवटी मी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मागून काय काय दिसतं. दादा उजव्या पायावर जास्त जोर देतो. पक्या घाबरला की सीटवरून उठतो. आणि सगळ्यांच्या पुढे बाबांची पाठ, जी मी रस्त्यावर कधी पाहिलीच नव्हती. त्यांची मान बारीक झाली होती. कॉलर उसवून आईनं उलटी करून शिवली होती. डावी चप्पल पेडलवरून सारखी घसरत होती आणि ते दर वेळी ती न बघता सावरत होते. किती रविवार ते असे, कुणाला न दिसता, मागून आले असतील? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वारा समोरून होता, तेवढी सोय होती.

पक्या किंवा दादा, कुणीही त्यांना ओलांडलं नाही. कशेळीच्या पुलावर वारा इतका होता की बाबा उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. पुढच्याचा वेग तोच सगळ्यांचा. आम्ही तिघंही उतरलो आणि चालायला लागलो. पुलावरून जाणारा एक टेम्पोवाला ओरडला, "क्या हुआ, चारों का पंक्चर?" बाबा हसले. तेवढं हसू पाहून मला थोडा धीर आला.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आई जिन्याखाली उभी होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या सायकलच्या दांड्याकडे, जिथे पंप होता. "पाणी तापवलंय हा," एवढंच म्हणाली, आणि बाबांची सायकल त्यांच्या हातून घेतली. आईनं सायकलला हात लावलेला मी त्या आधी कधी पाहिला नव्हता.

मधल्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. हृदय जरा थकलंय, चढ नको, दमवू नका, असं ते म्हणाले. शनिवारी बाबा कचेरीतून आले, हातपाय धुतले, आणि सवयीनं वाट बघत बसले. आईनं 'दाणे काय भाकरी' विचारलंच नाही. तिनं लोखंडी तवा चढवला आणि त्यात शेंगदाणे ओतले. तडतड सुरू झाली. बाबांनी भिंतीवरच्या छतापर्यंत गेलेल्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं, मग तव्याकडे. "दाणे तर दाणे," ते म्हणाले. दादानं उशीत तोंड खुपसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिठागरांच्या रस्त्यावर, बाबा पुढे आणि मी मागे. बांधावर सायकली आडव्या टाकून आम्ही दाणे खात बसलो. दादा आणि पक्या पाण्यात खडे मारायला गेले, तेव्हा मी सगळं एका दमात बोलून टाकलं. "बाबा, त्या दिवशी मी मुद्दाम पळवली. तुम्हाला त्रास होतोय हे मला कुंडावर दिसलं होतं. तरी पळवली."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "छान पळवलीस. चढाची गिरणी कामाला आली." म्हणजे त्यांना तेही माहीत होतं. दाण्यांची सालं फुंकून त्यांनी हात झटकले. "चूक माझी झाली, बाय. भिवंडीतच घंटी वाजवायला हवी होती. इतकी वर्षं तुम्हाला सांगतो, झेपत नसेल तर वाजवा, त्यात कमीपणा नाही. आणि स्वतःवर आली तेव्हा मला लाज वाटली. मुलगी पुढे आहे आणि बापानं काय घंटी वाजवायची?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि थोड्या वेळानं उरलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही तो शेंगदाण्यांचा रस्ता केला, पुढे ते, मागे मी. त्यांनी त्या पट्ट्यावर नंतर एक बारीक बाण काढला, दुपारचा वारा कुठून येतो तो दाखवणारा. सपाट रस्त्याला त्याची गरज नव्हती, पण राहिलेली गोष्ट त्यांना सोसत नसे.

तो रस्ता आता ओळखू येत नाही. आरेत आणि येऊरला मात्र रविवारी पहाटे अजून सायकली असतात, हेल्मेटवाली मुलं, आणि चढ किती आहे ते त्यांना हातातलं घड्याळ सांगतं. माझी नात त्यातलीच. दोघी मिळून आम्ही पवईवरून आरेत जातो, एका भाकरीचा रस्ता. माझी सायकल हलकी आहे, गिअरची, पण दांड्यावर बाबांचा तो जुना पितळी पंप मी लावून घेतला आहे. दुकानदार हसला होता. इतके दिवस मागे मीच असायचे, आणि नात पुढे, सारखी मान वळवून "आजी, येतेयस ना गं?" विचारत.

मागच्या रविवारी गोठ्यांच्या अलीकडच्या चढावर छातीत थोडं भरून आलं. फार नाही. अजून एक चढ रेटून नेता आला असता, आणि तिला कळलंही नसतं. मी अंगठा घंटीवर ठेवला आणि दोनदा वाजवली.

ती थांबली, वळून आली. "काय झालं, आजी?"

तिला नियम माहीत नव्हता. मी पंप सोडवला, रुमालानं पुसला आणि तिच्या हातात दिला.